न जन्मलेल्या चुलत्याची विधवा

आमच्या अप्पांना दोन बायका होत्या आणि गावात अप्पांचं कौतुक होतं. बायकांचं नाही, अप्पांचं. आमच्या दुकानाच्या ओट्यावर बसणारी मंडळी म्हणायची, "विश्वनाथप्पानं काय घर सांभाळलंय बघा. दोघी कशा बहिणी-बहिणीवानी राहतात." हे ऐकलं की अप्पा मिशीतल्या मिशीत हसायचे, कपाळावरचं भस्म उगाच नीट करायचे आणि आत आवाज टाकायचे, "थोरली, पाणी आण. धाकटे, च्या ठेव." मग एकीनं तांब्या आणि दुसरीनं कपबशा घेऊन एकामागून एक बाहेर यायचं. पाहुणा लांबचा असला तर दुसऱ्यांदाही बोलावणं व्हायचं, सुपारीसाठी. बाजारात बैलांची जोडी फिरवून दाखवतात तसं ते असायचं, फक्त तोंड उघडून दात दाखवायचे तेवढे राहायचे. पाहुणा मान डोलवायचा. अप्पा म्हणायचे, "धाकटी हिनंच पसंत केली बरं का." हे मात्र खरं होतं.

माझ्या पाठीवर मायची दोन बाळं गेली आणि अप्पांना मुलगा पाहिजे होता. आमच्याकडची रीत अशी, की दुसरी करायची तर मुलगी बघायला थोरलीनंच पुढं व्हायचं, म्हणजे पुढं कुणाला बोट दाखवायला जागा राहत नाही. माय बैलगाडीत बसून देगलूरच्या पलीकडं, जिथं माणसं अर्धं मराठी अर्धं कानडी बोलतात, तिथं गेली. एकोणीस वर्षांच्या पोरीला कुंकू लावून, ओटी भरून परत आली. शेजारच्या मथुरामावशीनं विचारलं, "कशी हाय गं?" माय लुगड्याची धूळ झटकत म्हणाली, "पोरगी लई चांगली हाय. वाटोळं झालं तिचं." ती पोरगी आमच्या घरात आली तेव्हा मी तिला काय म्हणावं हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनंच सांगितलं. "चिक्कव्वा म्हण," म्हणाली. "चिक्क म्हंजे बारकी. बारकी आई." मायला ती अक्का म्हणायची, म्हणजे थोरली बहीण. अप्पांना ती काहीच म्हणायची नाही. बोलावायची वेळ आली तर भांडं आपटायची.

स्वयंपाकघर एकच होतं, पण चुली दोन आणि त्यांच्यामध्ये कमरेएवढी मातीची भिंत. भिंतीच्या अलीकडं माय, पलीकडं चिक्कव्वा. आठवड्याचे वार अप्पांनी वाटून दिले होते. मंगळ, गुरू, शनी मायचे, बुध, शुक्र, रवी चिक्कव्वाचे, सोमवार महादेवाचा. सोमवारी अप्पांचा उपास असायचा, म्हणून त्या दिवशी दोघींना काम. ज्या वारी जिच्याकडं पान, त्या वारी तिच्याकडंच अप्पा. ही वाटणी अप्पा लोकांना मोठ्या समाधानानं सांगायचे. आपण न्यायाला धरून वागतो याची त्यांना खात्री होती, आणि वर्षभरात कुणी त्यांना उलटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

अप्पांनी कधी दारू पिली नाही, आणि त्या दिवसांत तरी कुणावर हात टाकलेला मी पाहिला नव्हता. ते फक्त जेवताना कालच्या जेवणाबद्दल बोलायचे. मायच्या वाराला मायनं येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची, आमटी केलेली असायची. लसणाचा वास उंबऱ्यापर्यंत, पातळ भाकरी तव्यावर टम्म फुगलेली, शेंगदाण्याची चटणी, कांदा हातानं फोडलेला. अप्पा पहिला घास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "कालची बरी होती." दुसऱ्या दिवशी चिक्कव्वानं अंबाडीची भाजी तिच्या गावच्या पद्धतीनं, डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून केली, की तिच्यासमोरही तेच. "कालची बरी होती." भिंतीच्या पलीकडं बसलेलीनं हे ऐकायचं आणि आपण जिंकलो असं समजायचं, अशी त्यांची अपेक्षा असावी. तिला ते उद्याच्या धाकासारखं ऐकू यायचं. आज आपलं चांगलं म्हटलंय, म्हणजे उद्या नाक मुरडणार.

मायचं बिघडलं ते तिथून. आधी ती आमटी मला चाखायला द्यायची, एकदा. मग दोनदा, मग चार-पाचदा. मीठ बरोबर आहे म्हटलं तरी तोंडाकडं बघत राहायची. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायची. घासलेला तांब्या पुन्हा घासायची. छातीला हात लावून म्हणायची, "कांते, आत उखळ कांडल्यावानी होऊन राहिलंय." झोप गेली होती, भरदुपारी बसल्या जागी डोळे मिटायचे आणि दचकून उघडायचे. चिक्कव्वाचं दुखणं वेगळं होतं. तिच्या वाराला, ताट वाढायची वेळ झाली की, तिची दातखीळ बसायची. हातपाय वाकडे व्हायचे, डोळे वर जायचे. मी कांदा फोडून नाकाशी धरायची. बसू जन्मला, म्हणजे अप्पांना हवा तो मुलगा झाला, आता ही सुटली असं सगळ्यांना वाटलं. त्या आठवड्यात तिची दातखीळ तीनदा बसली. गावातल्या बायका दोघींनाही सारखंच ऐकवायच्या. "काय कमी हाय तुमाला? खायला हाय, ल्यायला हाय, धनी हाय." मायला एकदाच उत्तर देताना ऐकलं. "धनी हाय की. अर्धा हाय."

इथं, गुजरातेत, मी राहते त्या चाळीत अजून कुणी दोन बायकांचा विषय काढला की पुरुष एकमेकांकडं बघून हसतात. मजाच की, म्हणतात. मी भाजी निवडत असते. हसणाऱ्याच्या घरी संध्याकाळी "कालची बरी होती" असं कुणी म्हणतं का, हे मला विचारावंसं वाटतं, पण मी विचारत नाही. मी भित्री बाई आहे. बाहेर पडताना गॅस बंद आहे का हे तीनदा बघते आणि जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा बघते.

मग दुष्काळ आला. आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला, बादली खाली लागून खरडल्याचा आवाज यायचा आणि त्या आवाजानं दात शिवशिवायचे. दोघींना घागरी घेऊन नदीवर जावं लागायचं. नदी म्हणजे वाळू. त्या वाळूत खड्डा खणायचा, पाणी झिरपायची वाट बघायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. एका घागरीला तास जायचा. त्या तासाला कुणाचा वार नव्हता. दोघी खड्ड्याच्या दोन बाजूंना बसायच्या आणि बोलायच्या. चिक्कव्वा डोळे मिटून, नसलेल्या मिशीवर बोट फिरवून म्हणायची, "कालचं पाणी बरं होतं." माय हसायची. तोंडाला पदर लावून, अंग हलवून. मी तिला हसताना फक्त त्या वाळूत पाहिलेलं आहे.

दुष्काळासोबत नवा जिल्हाही आला होता. लातूर जिल्हा झालं, आता उस्मानाबादला खेटे घालायला नकोत, म्हणून अप्पांनी ओट्यावर पेढे वाटले होते. आमचं गाव अगदी कडेला. चार कोसांवर मायचं माहेर, ते मुखेड तालुक्यात, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. मायला काय, ती दोन्ही जिल्ह्यांत सारखीच. पण नव्या जिल्ह्याची नवी रेशन कार्डं निघाली आणि घरोघर तपासणी लागली. चूल वेगळी तर कार्ड वेगळं, असा त्याचा अर्थ अप्पांनी काढला. त्यांच्या डोळ्यांसमोर आमच्या दोन चुली आल्या. दुसऱ्या कार्डावरची साखर आणि रॉकेल दुकानात ठेवता येणार होतं, दुष्काळात त्याला गिऱ्हाईक भरपूर. अडचण एवढीच, की कागदावर दोन बायका बसत नाहीत. कुणी तरी त्यांना सांगितलं होतं, कायद्यात दुसरी धरतच नाहीत, उलट खटला होतो. दोघींपैकी एकीला काही तरी करणं भाग होतं. बसू अप्पांच्या कार्डावर पाहिजे, म्हणून बसूची आई त्याच कार्डावर. राहिली माय.

अप्पांनी दुकानात बसून फॉर्म भरला. त्यांनी एक भाऊ जन्माला घातला. आजोबांना अप्पा हे एकटेच. त्या भावाचं नाव शंकरप्पा ठेवलं, त्याचं लग्न मायशी लावलं, त्याला एक मुलगी दिली, ती मी, आणि त्याच दुपारी त्याला मारून टाकलं. आमच्यात मेलेल्याला लिंगैक्य म्हणतात, शिवात मिळाला असं. अप्पा भाविक माणूस. ते शंकरप्पाच्या नावाआधी 'लिं.' लिहायला विसरले नाहीत.

तपासणीच्या सकाळी ते आत आले आणि मायला म्हणाले, "कपाळ पूस. गळ्यातलं, हातातलं काढून ठेव. तासाभराचं काम हाय."

माय पीठ मळत होती. "कोन मेलं?"

"कोनी न्हाई गं. कागदावर हाय. साहेब विचारंल, तर नवऱ्याचं नाव शंकरप्पा सांगायचं. मला दीर म्हनायचं."

भिंतीपलीकडून चिक्कव्वा उठली. "असलं करू नका. अभद्र हाय."

"तुला काय करून राहिलोय मी? तू गप बस."

माय उठली. हात धुतले. पदरानं कपाळ पुसलं, भस्म तेवढं राहू दिलं. मंगळसूत्र काढून मिठाच्या बरणीवर ठेवलं. बांगड्या निघेनात, हात पिठानं सुजल्यासारखे झालेले. अप्पा म्हणाले, "साबण लाव, फुटू देऊ नको, परत घालायच्यात." मायनं दोन्ही मनगटं चुलीच्या कडेवर आपटली. एक आवाज झाला, मग दुसरा. काचा राखेत पडल्या. दारात साहेब आला होता.

साहेब तरुण होता, बगलेत फाईल, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. दोन चुली बघितल्या, मान हलवली. मायला विचारलं, "बाई, मालकाचं नाव?" त्या काळी बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसत. मेला तरी नाही. नावाऐवजी दुसरा शब्द वापरायच्या, पोराच्या नावानं हाक मारायच्या, नाहीतर माझ्या मायसारख्या नुसतं "ते" म्हणायच्या. शंकरप्पा हे नाव घ्यायला मात्र तिला कुणाची आडकाठी नव्हती. ते नाव कुणाचंच नव्हतं. मी तिच्या शेजारी उभी होते. ती साहेबाकडं बघून सावकाश म्हणाली, "विश्वनाथप्पा."

मी मायच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं. अप्पांनीही पहिल्यांदाच.

साहेबानं फाईलमध्ये बघितलं. "विश्वनाथप्पा तर हे आहेत."

"हे दीर," माय म्हणाली. शिकवलं होतं तसंच. "विश्वनाथप्पा मेले."

अप्पांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता येत नाही. पण दुकानदाराची जीभ, ती अडली नाही. "साहेब, डोकं ठिकाणावर न्हाई हिचं," ते म्हणाले. "भाऊ गेल्यापासून असंच हाय. काय बी बोलती. आम्हीच सांभाळून राहिलोत." साहेबाला वाईट वाटलं. त्यानं शेरा लिहिला आणि लिहिताना मोठ्यानं वाचला, "मनोरुग्ण. दिराच्या आश्रयास." मग आमच्या घरचा चहा पिऊन गेला. चहा चिक्कव्वानं केला होता. सकाळी उठली तेव्हा माझी माय लग्नाची बाई होती. दहा वाजेपर्यंत विधवाही झाली आणि वेडीही. एका कुटुंबात एवढी कामं एका सकाळी उरकणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

साहेब गेल्यावर अप्पा म्हणाले, "लाव आता कुंकू." मायनं ऐकलं नाही असं नाही. ती पिठाकडं गेली आणि राहिलेल्या भाकऱ्या केल्या, पण फक्त माझ्या आणि तिच्या. तो गुरुवार होता, तिचा वार. दुपारी अप्पा पाटावर बसले, पुढ्यात ताट नाही. "थोरली," त्यांनी हाक मारली. माय इकडं तिकडं बघायला लागली, कुणाला बोलावतायत म्हणून. शनिवारीही तेच. बरणीवरचं मंगळसूत्र कुणी उचललं नाही. ती अप्पांशी भांडली नाही, रडली नाही. मेलेल्या माणसाला जेवायला वाढत नाहीत, एवढंच. आणि मी बघत होते: तिनं तांब्या एकदाच घासला. आमटी मला चाखायला दिली नाही. अंगणातल्या कडुनिंबाखाली भरदुपारी ती घोरत पडायची.

अप्पांच्या अंगावर मात्र त्यांचंच लिहिलेलं उलटलं होतं. ओट्यावर लोक विचारायला लागले, वहिनीनं कुंकू का पुसलं. नवरा जिता असून बायको विधवा म्हणून फिरते म्हटल्यावर नवऱ्यालाच अपशकुन. तेव्हा अप्पांनी साहेबाला सांगितलेलं सगळ्या गावाला सांगितलं. डोकं गेलंय तिचं. सांगता सांगता त्यांना ते खरंच वाटायला लागलं असावं. आणि वेडी बाई म्हटली की तिच्यावर पहारा पाहिजे. तो मी. मी सातवीत होते, शाळा दारातून दिसायची. अप्पा म्हणाले, "उद्यापासून घरी बस. ही विहिरीत जीव देईल." विहिरीत तेव्हा बेडकालाही जीव देण्याइतकं पाणी नव्हतं. पण मी बसले. दफ्तर खुंटीला अडकवलं ते कायमचंच. आज मी लिहिते त्या ओळीत चुका असतील तर त्यांचा हिशोब शंकरप्पा चुलत्याकडं मागावा.

दोन महिने गेले. मग अप्पांनी ठरवलं की मायला देवस्थानाला न्यायचं. त्या जागेचं नाव मी लिहीत नाही. आमच्याकडं सगळ्यांना ती माहीत होती. डोकं फिरलेल्यांना तिथं नेऊन बांधत. शेजारच्या गावची एक बाई चार दिवसांसाठी म्हणून नेली होती, ती तीन वर्षांनी आली तेव्हा तिच्या घोट्यावर साखळीचे वळ होते आणि ती कुणाला ओळखत नव्हती. अप्पांनी मुखेडहून मामाला बोलावून घेतलं. माझा मामा, मायचा सख्खा भाऊ, आला, रडला, जेवला आणि म्हणाला, "दाजी, तुमी म्हनताल तसं."

जीप सकाळी आली. सोबत आमचे अय्या, म्हणजे आमच्यातले गुरू, छत्री घेऊन. ते आशीर्वाद द्यायला. माय अंगणात बसली होती, मी तिचा पदर मुठीत धरून. मामा म्हणाला, "चल गं, देवाला जाऊन येऊ. चार दिसांत आनून सोडतो." माय त्याच्याकडं बघत राहिली. तिनं विचारलं, "तुझी लेकरं बरी हायेत का?" त्यानं मान खाली घातली. अप्पा तिचा दंड धरायला वाकले.

तेवढ्यात चिक्कव्वा बाहेर आली. कडेवर बसू. कपाळ कोरं, गळा मोकळा, हात मोकळे. मनगटावर काचेनं ओरखडा ओढलेला, त्यातून रक्त आलेलं.

अप्पा सरळ उभे राहिले. "हे काय करून राहिलीस?"

"अक्कानं केलं तेच."

अय्या म्हणाले, "बाई, असं करू नये. धनी जिता हाय तुझा. समोर उभा हाय."

"अय्या, अक्काच्या कार्डावर सरकारी शिक्का हाय. तिचा धनी मेलाय म्हणून लिव्हलंय. आमाला धनी एकच होता." तिनं बसूला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तिचा मेला, तर माझा कुठून जिता राहील?"

जीपचा ड्रायव्हर तोंड फिरवून हसला, ते सगळ्यांना ऐकू आलं. चिक्कव्वा जीपकडं गेली आणि मागच्या बाकावर बसूला बसवलं. "आमाला बी न्या. दोघींना बांधा. वाटेत लातूरला थांबू, साहेबाला विचारू, या घरात कोन मेलंय आनि कोन जितं हाय. त्याला सगळं सांगते, कार्डाचं बी सांगते."

लातूरचं नाव आलं तसा अप्पांचा रंग उतरला. मायला वेडी म्हणता येत होतं. एकाच घरातल्या दोघींना वेडं म्हणायचं तर लोक तिसऱ्याकडं बघतील, हे सगळ्यांत आधी अय्यांच्या लक्षात आलं. त्यांनी छत्री उघडली. "विश्वनाथप्पा, आज दिवस बराबर न्हाई," ते म्हणाले आणि उन्हातून चालू लागले. मामा त्यांच्या मागोमाग गेला. बहिणीचा निरोप न घेता.

त्या दुपारी अप्पांनी चिक्कव्वाला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा, चपलेनं. हे लिहायला नको वाटतं, पण नाही लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की त्या दिवशी आमच्या घरात न्याय झाला. न्याय काही झाला नाही. दोघींचे वार बंद झाले. अप्पा मठात जेवायला लागले आणि तिथं लोक त्यांची कीव करायचे. बसूला त्यांनी आईपासून तोडायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि तो थोडा साधलाही. चिक्कव्वाला मी एकदा विचारलं होतं, एवढं कशाला केलंस. ती शेणी थापत होती. "अक्का गेली असती तर ते सगळं मलाच ऐकावं लागलं असतं की," म्हणाली. तिला याच्याहून मोठं बोलता येत नव्हतं असं नाही. तिला ते आवडायचं नाही.

आणि मायसुद्धा बरी झाली नव्हती. मेलेला नवरा अंगणातून येता-जाता दिसत असेल तर ते सोंग किती दिवस पुरणार. जीप येऊन गेली त्यानंतर ती घासलेला तांब्या पुन्हा घासायला लागली. जेवण सुटलं. गाडीचा आवाज आला की ती धान्याच्या कणगीमागं जाऊन बसायची. गावात लसी टोचायला येणारी नर्सबाई चिक्कव्वाला म्हणाली, हे बाहेरचं काही नाही, दुखणं आहे, लातूरच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई बघतात. चिक्कव्वानं अप्पांना विचारलं नाही. शेजारी बसूला ठेवलं, भाकरी बांधून घेतली आणि आम्ही तिघी एस.टी.नं उदगीर, उदगीरहून लातूर.

दवाखान्याच्या व्हरांड्यात रांग होती. दुष्काळातली माणसं, ओठ फुटलेली, मांडीवर लेकरं. खिडकीतल्या माणसानं चिठ्ठी लिहिताना विचारलं, "सोबत कोण?" चिक्कव्वा पुढं झाली. "नातं?" मला वाटलं आता ही बहीण म्हणेल, जाऊबाई म्हणेल. असल्या ठिकाणी काही तरी बरं दिसेल असं सांगतात. माझे हात घामेजले. फॉर्मवर कुणी नातं विचारलं की आजही माझे हात घामेजतात.

"सवत," ती म्हणाली. त्या माणसानं वर बघितलं. "लिव्हा," ती म्हणाली. त्यानं लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना बाहेर बसवलं आणि मायला एकटीला आत घेतलं. दार पुरतं लागत नव्हतं. आतून बाईंचा आवाज आला, "झोप लागते का हो?" साधं विचारलं, मीठ-मिरचीचं विचारावं तसं. मग माय बोलायला लागली. आधी तुटक, मग सलग, मग थांबेचना. माझी माय, जी घरात दिवसातून दहा शब्द बोलायची. मी बाकावरून उठून दाराशी गेले. फटीला कान लावणार तोच चिक्कव्वानं माझा दंड धरला आणि मागं ओढलं.

"ऐकू नको," ती म्हणाली. "तिचं हाय ते."

आत ती काय बोलली ते मला आजवर माहीत नाही. दोघीही आता नाहीत. त्यानंतर माय गोळ्या घेऊन बरी वीस वर्षं जगली, चिक्कव्वाच्या सोबतीनं. कधी चांगली, कधी कणगीमागं. साखळी तिला कधी लागली नाही. त्याचे उपकार मी कुठल्या देवाला मोजत नाही. कुणाचे आहेत ते मला माहीत आहे. त्या दिवशी व्हरांड्यातली रांग संपत आली, झाडूवाली येऊन आमच्या पायाखालून झाडून गेली, तरी आतला आवाज चालूच होता. उदगीरची शेवटची गाडी निघायची वेळ झाली. मी कासावीस होऊन चिक्कव्वाला म्हटलं, "गाडी जाईल."

ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. "जाऊ दे," म्हणाली.